हाडातला सूर

कपबशांच्या त्या कारखान्यात तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे तिला टिचकी म्हणत. वयानं लहान असतील ते टिचकीताई म्हणत आणि मुकादमाचा पारा चढलेला असला की तो नुसतं 'बाई' म्हणे.

भट्टीतून निघालेले कप गार झाले की लांबलचक फळ्यांवरून छाननीच्या खोलीत येत. ती एकेक कप बोटावर अडकवून त्याला नखानं टिचकी मारी. धड कप गातो. त्याचा सूर निघतो आणि क्षणभर हवेत तसाच राहतो. तडा गेलेला कप नुसता 'थड' करतो, कुणी तोंडावर दार लावावं तसा. तडा डोळ्यांना दिसेलच असं नाही. झिलईखाली तो केसाहून बारीक असतो, आणि कप घरी नेऊन त्यात चहा ओतला की बाहेरच्या अंगाला तपकिरी रेघ पाझरते तेव्हाच कळतं, की आपण फुटका माल आणला. तसं होऊ नये म्हणून टिचकी तिथं बसलेली होती. धड कप फळीवर सुलटा ठेवायचा, फुटका उपडा. तिनं उपडा घातलेला कप कुणी उचलूनसुद्धा बघत नसे.

आणि या बाईचा उजवा कान ठार बहिरा आहे, डावा दोनदा उघडून शिवलेला आहे, हे नव्या मुलींना कुणी सांगितलं तर त्या खो खो हसत. त्यांना वाटे, नव्यांची गंमत करायची इथली रीतच असेल.

उजवा कान लहानपणीच गेला. तो वाहायचा. त्याला असा वास यायचा की शाळेत तिच्या बाकावर कुणी बसत नसे, आणि बाईंनी बसवलंच तर ती मुलगी नाक दाबून दुसऱ्या टोकाला सरकायची. "पोरांचे कान वाहतातच, मोठी झाली की थांबेल," असं आई म्हणे. तो थांबलाही, पण तोवर आत काही राहिलं नव्हतं. एकदा ताप चढला, घर गरगर फिरायला लागलं आणि हसताना तोंड एकाच बाजूला जायला लागलं, तेव्हा वडिलांनी तिला उचलून मोठ्या इस्पितळात नेलं. शुद्धीवर आली तेव्हा डोक्याला पागोट्यासारखी पट्टी होती. डॉक्टर वडिलांना सांगत होते, "पोरगी वाचली. तोंडही सरळ होईल. कान मात्र गेला." वडील म्हणाले, "एक आहे ना अजून." ते तिनं त्या एका कानानं ऐकलं होतं, आणि पुढं जन्मभर ते वाक्य तिला कधी आधारासारखं तर कधी धमकीसारखं आठवत राहिलं.

लग्न झालं ते बस डेपोतल्या मेकॅनिकशी. हा गडी बोलका. त्याला ठरण्याआधी सगळं सांगितलेलं होतं. पहिल्याच दिवशी त्यानं पलंगाची उजवी बाजू आपली म्हणून जाहीर केली, कारण त्याला घोरायची सवय होती आणि तिला त्या बाजूचं ऐकू येत नव्हतं. पुढं कितीतरी वर्षं तो लोकांसमोर म्हणे, "माझं सगळं शहाणपणाचं बोलणं हिच्या उजव्या बाजूला वाया गेलं."

"डाव्या बाजूला आला असतात तर इतकी वर्षं टिकला नसतात," ती म्हणे.

मुलगी झाली, रांगायला लागली, आणि डावा कान वाहायला लागला. उशीच्या अभ्र्यावर सकाळी पिवळट डाग दिसला. तिनं तो नाकाशी नेला. तो वास तिच्या ओळखीचा होता. शाळेतल्या बाकाचा वास.

गावातले कानाचे म्हातारे डॉक्टर बोलायला तुसडे, पण हाताचे चांगले होते. त्यांनी कागदावर कान काढून दाखवला. "याला कोलेस्टिॲटोमा म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, पण हा काय करतो ते विसरू नका. आपल्या कातडीची सालं निघतात ना, तसली सालं पडद्याच्या आत, नको त्या जागी साठत जातात. गाठ होते. कॅन्सर नव्हे, पण हाड कुरतडते. उंदरासारखी. ऐकण्याची बारकी हाडं खाते, मग पुढं सरकते."

"औषधानं नाही का जाणार?"

"उंदराला औषध घालता येतं. याला कापूनच काढावा लागतो."

मग त्यांनी चित्रातल्या एका रेघेवर पेन्सिल टेकवली. कानाच्या नळीची मागची भिंत. "ही काढली तर मोठी उघडी पोकळी राहील. ती जन्मभर साफ करून घ्यावी लागेल, पाणी जाऊ द्यायचं नाही, ऐकू कमी येईल. पण हा परत आला तर मला समोर दिसेल. भिंत ठेवली तर कान कानासारखा राहील, ऐकू बरं येईल. पण भिंतीमागं हा परत वाढला तर बाहेरून कुणाला पत्ता लागणार नाही. मग तुम्हाला येत राहावं लागेल. वर्षानं पुन्हा उघडून बघायचं, आणि त्यानंतर दर वर्षी दाखवायचं. दुखत नसलं तरी. वाहत नसला तरी. मी मेलो तरी दुसऱ्या कुणाकडे. माझं स्वतःचं विचाराल तर एकच कान उरलेल्या माणसाची भिंत मी काढतो."

ती नुकतीच छाननीच्या बाकावर बसायला लागली होती. त्याआधी माती मळायच्या खात्यात होती, तिथं कमरेचा काटा ढिला व्हायचा. बाकावर सावली होती, बसायला स्टूल होतं, आणि कपांचे सूर होते. "भिंत ठेवा," ती म्हणाली.

नवऱ्याकडे डॉक्टरांनी बघितलं. तो म्हणाला, "कान तिचा आहे."

भिंत राहिली. वर्षानं पुन्हा उघडलं, आत स्वच्छ होतं, तेव्हाच कुरतडलेल्या हाडाच्या जागी डॉक्टरांनी तिच्याच कानाची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, कापून इवलासा तुकडा बसवला. शुद्धीवर आल्यावर कॉटच्या सळीवर चमचा लागल्याचा आवाज तिला इतका लख्ख ऐकू आला की ती रडायलाच लागली. पुढची काही वर्षं ती नेमानं दाखवायला जात होती. मग डॉक्टर थकले आणि लेकाकडे राहायला गेले. दवाखान्याच्या जागी चपलांचं दुकान आलं. नवं इस्पितळ शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे एका खाड्याचं काम. पहिलं वर्ष मुलीच्या परीक्षेत गेलं. दुसऱ्या वर्षी सासूचं आजारपण निघालं. तिसऱ्या वर्षी नवरा म्हणाला, "कान कोरडा आहे ना? मग उगाच कशाला डॉक्टरचं तोंड बघायचं?" हे कुणीतरी म्हणावं म्हणूनच ती थांबली होती, असं तिला फार उशिरा कळलं.

त्यानंतर घरात कानाचा विषय निघेनासा झाला. कोरडा म्हणजे बरा. तो कान घरातल्या शहाण्या मुलासारखा होता, त्रास देत नाही म्हणून त्याच्याकडे बघायचं राहून गेलेला.

कप हाडाला लावायची युक्ती तिला कशी सुचली हे तिलाही आठवत नव्हतं. भट्टीचे नवे पंखे बसले होते आणि छाननीच्या खोलीत दिवसभर घूंऽऽ असा आवाज भरून राही. एक कप संशयाचा वाटला. टिचकी मारली, कानाशी नेला, तर सूर पुसट. सहज म्हणून पुन्हा टिचकी मारून त्याचं बूड कानामागच्या हाडावर टेकवलं, आणि सूर असा उमटला की जणू डोक्याच्या आतच कुणीतरी गायलं. स्वच्छ, भरलेला. पंख्यांचा आवाज कुठल्या कुठं. मग फुटका कप तसाच लावून बघितला. 'थड'. तेही स्वच्छ.

तेव्हापासून ती प्रत्येक कप हाडाला लावायला लागली. टिचकी, आणि डोक्याशी नेल्यासारखा हात. लांबून बघणाऱ्याला वाटे, बाई प्रत्येक कपाला सलाम ठोकते आहे. मुकादम त्याला टिचकीचा नखरा म्हणे. पण तिच्या फळीवरून फुटका कप सुटत नसे, त्यामुळे नखऱ्यालाही मान होता. नव्या मुली तिचं बघून आपापले कप हाडाला लावायला लागल्या. एकदा कारखान्याचे मालक पाहुण्यांना घेऊन आले तेव्हा सगळं बाक ओळीनं सलाम ठोकताना दिसलं, आणि पाहुण्यांनीही गडबडून हात वर केले. तो किस्सा कितीतरी दिवस चहाच्या सुट्टीत पुरला.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. नवऱ्याला एकेक गोष्ट परत सांगावी लागे. दार वाजलेलं तिला कळत नसे. कुकरची शिट्टी निसटून भाजी करपे. मुलगी आता मोठी झाली होती, त्याच कारखान्यात खोकी भरायच्या खात्यात लागली होती. ती एकदा म्हणाली, "आई, तुला ऐकू कमी यायला लागलंय."

"तुम्ही पुटपुटता. तोंड उघडून बोलायला काय होतं?"

"दाखवून येऊ या ना एकदा."

तिनं ओट्यावरचा कप उचलला, टिचकी मारली, हाडाला लावला. डोक्यात सूर भरला. "हे बघ. केसाएवढा तडा मला ऐकू येतो. कारखान्यात जा आणि विचार, कुणाचा कान पक्का आहे. म्हणे कमी ऐकू येतं!"

मुलीनं तिच्या हातातून कप घेतला आणि जागेवर ठेवून दिला. तिच्या खात्यात आईचा शब्द म्हणजे शिक्का होता.

अशी ती फसली. तिच्या जागी दुसरी कुणीही असती, दुकानात, शेतात, शाळेत, तर ऐकू येईना म्हणून केव्हाच डॉक्टरकडे गेली असती. हिला हाड रोज ग्वाही देत होतं, की सगळं ठीक आहे. आणि हाड खोटं बोलत नव्हतं. आतला कान खरंच शाबूत होता. भिंतीमागं वाढत होतं ते बाहेरून आत येणारी वाट बुजवत होतं, बसवलेला तुकडा, उरलंसुरलं हाड कुरतडत होतं. हवेतून येणारा आवाज रोज थोडा थोडा मरत होता, आणि ती त्या वाटेनं ऐकतच नव्हती.

थंडीच्या दिवसांत तिनं वारा लागू नये म्हणून कानात कापूस घातला, बोटानं जरासा आत दाबला, आणि समोरची कपांची मांडणी एका बाजूला कलली. तिनं किंचाळून दोन्ही हात पुढं केले. मांडणी पडणार, सगळे कप जाणार. मांडणी जागच्या जागी होती. मुली तिच्याकडे बघत होत्या. "चक्कर आली," ती म्हणाली. बोट काढलं की सगळं सरळ. पुन्हा दाबलं की पुन्हा कलतं. तिनं कापूस घालणं बंद केलं आणि कुणाला सांगितलं नाही.

पंधरवडा गेला असेल. ती फळीवर वाकली होती. कुणीतरी खांद्याला हात लावला. वळून बघते तर मुकादम, तोंड लालभडक, बराच वेळ ओरडत असावा. त्याच्या हातात कप होता. "बाई, किती हाका मारायच्या? तुमच्या फळीवरचा माल आहे हा. व्यापाऱ्याकडून अख्खं खोकं परत आलंय." त्यानं कपाला टिचकी मारली. मुलींच्या चेहऱ्यांवरून तिला कळलं की तो 'थड' करून वाजला. तिनं तो हातातून घेतला, टिचकी मारली, हाडाला लावला.

सूर लांबून आला. भिंतीपलीकडच्या घरात, दार लावून, कुणीतरी काहीतरी ठेवल्यासारखा. धड की फुटका ते सांगता येईना.

मग तिनं आपल्या फळीवरचा एक धड कप घेतला. तोही तितकाच लांब. ती स्टुलावरून उठली आणि काही न बोलता फळीवरचे सगळे सुलटे कप एकेक करून उपडे घालायला लागली. मुकादमाचा राग कुठल्या कुठं गेला. "अहो ताई, असं काय करता? एक खोकं आलंय नुसतं. टिचकीताई, थांबा." ती थांबली नाही. शेवटी मुलीला खोक्यांच्या खात्यातून बोलवून आणावं लागलं.

नव्या इस्पितळातली डॉक्टर वयानं पोरसवदा होती. तिनं तोंडावरची पट्टी खाली ओढली आणि समोर बसून सावकाश बोलायला लागली, म्हणजे ओठ दिसावेत. स्कॅनचा काळा-पांढरा फोटो उजेडात धरला. "मावशी, हे इथं सगळं हाड असायला हवं होतं."

तिथं काळी पोकळी होती.

"तो परत आलाय. भिंतीमागून. फार वर्षांपासून असणार. तोल सांभाळणारी नळी असते, तिच्यावरचं हाड खाल्लंय त्यानं. म्हणून दाबलं की गरगरतं. आता तो ऐकण्याच्या शंखाच्या दारात आहे. मधे कुणाला दाखवलं नाहीत?"

"कोरडा होता हो कान," नवरा म्हणाला. तो इतक्या हळू बोलला की तिला फक्त ओठ दिसले.

"तसाच राहू दिला तर?" तिनं विचारलं.

"तर ऐकू येणं जाईलच. आज नाही तर काही महिन्यांनी. आणि मग तो मेंदूकडे जाऊ शकतो. जिवावर बेतू शकतं."

"आणि काढला तर?"

डॉक्टरनं फोटो खाली ठेवला. "मी पूर्ण काळजी घेईन. पण नळीवर त्याचा पापुद्रा चिकटलाय. तो सोडवताना आतलं ऐकणं जाऊ शकतं. दुसरा कान असता तर मी इतकी घाबरले नसते. यंत्राबिंत्राचं काय जमतं ते नंतर बघू, पण त्यावर आत्ता भरवसा ठेवू नका."

म्हणजे ठेवला तरी जाणार, काढला तरी जाऊ शकतो. तिनं आयुष्यभर कपांची छाननी केली होती. तिसरा ढीग नसतो हे तिला माहीत होतं.

ऑपरेशनच्या आधीच्या सुट्टीच्या दुपारी ती नवऱ्यासमोर खुर्ची ओढून बसली. डावा कान त्याच्या तोंडाशी नेला. "बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. एरवी थांबवावं लागतं तुम्हाला."

इतका बोलका माणूस, पण एक शब्द फुटेना. खिडकीतून खाली बघत राहिला. मग घसा खाकरून डेपोतल्या गाड्यांच्या पाट्या म्हणायला लागला. बाजार, जुना पूल, गिरणी, इस्पितळ, परत बाजार. मोठ्यानं, कंडक्टरसारखा. ती डोळे मिटून ऐकत होती. कापसात गुंडाळल्यासारखा का होईना, आवाज येत होता. सगळे मार्ग संपले तेव्हा तो उठला आणि सवयीनं तिच्या उजव्या बाजूला जाऊन पलंगाच्या काठावर बसला. समोरच्या कपाटाच्या आरशात तिला त्याचा जबडा हलताना दिसत होता. तो बराच वेळ बोलला. नुसत्या एका बाजूनं ओठ वाचता येत नव्हते. काय म्हणालात, असं तिनं विचारलं नाही. त्याला ते तिच्या मेलेल्या कानालाच सांगायचं होतं, एवढं तिला कळलं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती शुद्धीवर होती. डोक्याला पुन्हा तेच पागोटं. जग काचेच्या पलीकडे गेलं होतं. नर्सची चाकाची गाडी आवाज न करता आली, आवाज न करता गेली. कानात औषधाची पट्टी ठासून भरलेली आहे, ती निघेपर्यंत ऐकू येणारच नाही, हे तिला आधी सांगितलेलं होतं. पण हाडाला पट्टीशी देणंघेणं नसतं. ते तिच्याहून जास्त कुणाला ठाऊक?

डॉक्टर आली, तोंडावरची पट्टी खाली ओढली. खिशातून ऐकणं तपासायचा लोखंडी चिमटा काढला, मनगटावर आपटला आणि तिच्या कपाळावर टेकवला. कपाळाला थरथर झाली.

'येतोय का आवाज?' डॉक्टरचे ओठ म्हणाले.

तिनं मान हलवली. येतोय. मग पुन्हा हलवली, आणि तिला स्वतःलाच कळेना की काय येतंय. थरथर होती. पण थरथर म्हणजे सूर नव्हे. डॉक्टरनं चिमटा खिशात ठेवला. मग तिच्या खांद्यावर थोपटून म्हणाली, 'सूज आहे. थांबू या आपण.'

थोड्या वेळानं मुलगी घरून चहाचा थर्मास घेऊन आली. आदल्या दिवशी भूल द्यायच्या आधीच तिनं मुलीला बजावून ठेवलं होतं, "उद्या येताना दोन कप आण. एक धड, एक फुटका. पण कुठला कुठला ते मला दाखवायचं नाही." मुलगी तेव्हा हसली होती, "आई, इथं पण छाननी?" पण तिनं आणले होते. वर्तमानपत्रात गुंडाळलेले, अगदी सारखे, पांढरे, निळ्या काठाचे. त्यांच्यातला फरक ऐकल्याशिवाय कळायचा नाही. खोक्यांच्या खात्यातली मुलगी, तिनं नीट निवडून आणले होते.

"टिचकी मार आणि हाडाला लाव. पट्टी जिथं संपते तिथं," ती म्हणाली. तिचा स्वतःचा आवाजसुद्धा तिला फक्त छातीत जाणवला. "आधी एक, मग दुसरा." तिनं डोळे मिटले.

पहिला कप टेकला. कातडीला बारीक थरथर. ती त्या थरथरीच्या मागं मागं गेली, डोक्याच्या आत, जिथं इतकी वर्षं कुणीतरी गात होतं तिथपर्यंत. तिथं कुणी नव्हतं.

दुसरा कप टेकला. तशीच थरथर.

"पुन्हा," ती म्हणाली.

मुलीनं पुन्हा केलं. आणि पुन्हा. पहिला जरा जास्त वेळ थरथरला का? की मुलीचा हातच कापत होता? पहिला. पहिलाच असणार. तिनं डोळे उघडले. "पहिला धड. दुसरा फुटका."

मुलीचा चेहरा एकदम उजळला. ती जोरजोरात मान हलवायला लागली. 'बरोबर! बरोबर, आई!' तिनं आईचे दोन्ही हात धरले, कपाळाला लावले, डोळे पुसले. मग बाबांना सांगून येते अशी खूण करून ती बाहेर पळाली. दार आवाज न करता मिटलं.

तिनं उशीला टेकून खोल श्वास घेतला. बरोबर. म्हणजे काहीतरी उरलंय. थरथरीतून तिला निवडता आलं, मग शिकता येईल, हळूहळू वाढेल. घशाला कोरड पडली होती. तिनं थर्मास उघडला आणि पहिला कप, धड कप, पुढं ओढून त्यात चहा ओतला. हातांना ऊब बरी वाटली. ती दाराकडे बघत राहिली. नवऱ्याला काय सांगायचं ते मनात जुळवत राहिली. बाजार, जुना पूल, गिरणी.

कप तोंडाशी नेला तेव्हा अंगठ्याला ओल लागली.

तिनं तो उजेडाकडे फिरवला. निळ्या काठाखालून बुडापर्यंत, पांढऱ्या झिलईवर, केसाएवढी तपकिरी रेघ उतरली होती. ती बघत असतानाच रेघेच्या टोकाला चहाचा एक थेंब जमला.

दुसरा कप तिनं हातात घेतला नाही. बघण्यासारखं काही नव्हतं.

दाराच्या काचेतून ते दोघं येताना दिसले. मुलगी पुढं, बापाचा हात ओढत, एकसारखी बोलत, हसत. आणि तो तिच्या मागून, शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत, खूप दिवसांनी ताठ चालत. मुलीनं कुठवर पेललं असेल हे खोटं, व्हरांडा ओलांडेपर्यंत, बापाच्या समोर उभं राहीपर्यंत? की त्याला सांगता सांगता तिचा स्वतःचाही विश्वास बसला असेल?

दार उघडलं. नवरा पलंगाच्या पायाशी येऊन उभा राहिला आणि दोन्ही हात हवेत उडवून, ओठ मोठे मोठे करत म्हणाला, 'अख्खा कारखाना बहिरा झाला तरी तू नाही होणार!'

"बसा," ती म्हणाली. "चहा घ्या."

मुलीची नजर आईच्या हातातल्या कपाकडे गेली, आणि तिथंच अडकली.

तिनं राहिलेला चहा एका घोटात संपवला. अंगठ्यानं थेंब पुसला. रेघ भिंतीकडे जाईल असा कप फिरवला, आणि फळीवर ठेवावा तसा, हलक्या हातानं, टेबलावर सुलटा ठेवला.